वॉक-थ्रूमध्ये जमते, संगीत सुरू झाले की मोडते : काँट्रा नृत्यातील हे-फॉर-फोरचे समस्या निवारण

काँट्रा नृत्याला, म्हणजे समोरासमोरच्या लांब रांगांत जोड्यांनी नाचायच्या अमेरिकी लोकनृत्याला, कॉल देणाऱ्याच्या (पुढची आकृती माइकवरून सांगणाऱ्याच्या) वाट्याला एकच बिघाड पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो बहुधा हे-फॉर-फोर या आकृतीचा असतो. अमेरिकेत नाचता नाचता हौसेने माइक हाती घेतलेल्या आणि पहिल्याच दोन-चार संध्याकाळी या आकृतीने हैराण केलेल्या मराठी मित्रमैत्रिणींसाठी हे टिपण लिहीत आहे. जोडीतल्या लार्क (डावीकडचा) आणि रॉबिन (उजवीकडची) या भूमिका, हँड्स-फोर (दोन-दोन जोड्यांच्या चौकड्या करणे), वॉक-थ्रू (संगीताशिवाय चालून केलेला सराव) आणि स्विंग (दोघांनी एकमेकांना धरून फिरणे) हे सारे परिचित आहे, असे इथे गृहीत धरले आहे. आकृतीचे नाव आणि आपले ‘हे’ सर्वनाम यांचा घोळ होऊ नये म्हणून पुढे तिला मी नुसते ‘वीण’ म्हणेन. शिगम्यात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्यांनी गोफ विणला आहे त्यांना तिची चाल लगेच ओळखू येईल, कारण एकाला उजव्या खांद्याने आणि पुढच्याला डाव्या खांद्याने ओलांडत जाण्याचीच ही रीत आहे. फक्त इथे दोर नसतात आणि माणसे चारच असतात.

लक्षणे

दुरुस्तीला हात घालण्याआधी बिघाड कुठे आणि केव्हा दिसतो हे पाहावे, कारण वरवर सारखा वाटणारा गोंधळ पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी होतो. एकच चौकडी अडकली आणि तिच्या आजूबाजूच्या चौकड्या व्यवस्थित चालल्या आहेत, तर दोष शिकवण्यात नसून त्या चौघांच्या उभे राहण्यात असतो. गोंधळ नेहमी रांगेच्या टोकाशीच होत असेल, तर बाहेर थांबून परत आत आलेल्या जोडीकडे पाहावे. रांगेचा खालचा, म्हणजे बँडपासून दूरचा अर्धा भाग सतत वरच्या भागाकडे बघून नाचत असेल, तर त्यांना ऐकू येत नाही. पहिल्या फेरीपासून, म्हणजे नाचाच्या पहिल्याच आवृत्तीपासून, सगळीकडेच माणसे एकमेकांवर आदळत असतील, तर वॉक-थ्रूमध्ये काहीतरी राहून गेले आहे. पहिल्या तीन फेऱ्या नीट होऊन नंतर वीण विस्कटत असेल, तर आपण कॉल देणे लवकर थांबवले आहे. वीण पूर्ण होते, पण माणसे स्विंगला दोन ते चार ठोके उशिरा पोहोचतात, असे असेल तर कॉल उशिरा जात आहे. आणि रॉबिन पलीकडच्या बाजूला पोहोचून तिथेच निश्चिंतपणे उभ्या राहत असतील, तर त्यांच्या समजुतीप्रमाणे आकृती संपलेली आहे, कारण पलीकडे जाऊन थांबायच्या चेन या आकृतीत त्यांनी नुकतेच तसेच केलेले असते.

‘लोक ऐकत नाहीत’ हे यातले एकही लक्षण नव्हे. ते वाक्य मनात आले की खालच्या पहिल्या तपासणीकडे परत जावे.

आवाज

सर्वांत स्वस्त तपासणी ही. बँड वाजत नसताना माइकवरून ‘शेवटच्या चार जोड्यांनी हात वर करावेत’ असे साध्या आवाजात म्हणावे. हात लगेच वर गेले तर आवाज पोहोचतो आहे. पुढच्यांनी मागे वळून निरोप दिल्यावर हात वर गेले तर पोहोचत नाही. जुन्या ग्रेंज हॉलमध्ये (शेतकरी संघटनेच्या सभागृहात) किंवा गावच्या टाउन हॉलमध्ये लाकडी जमीन, उंच छत आणि शंभरेक माणसांच्या गप्पा यांमुळे शब्दांच्या कडा पुसल्या जातात आणि ‘राइट’ व ‘लेफ्ट’ यांतला फरक सर्वांत आधी हरवतो. विणीत तर प्रत्येक खांदा याच दोन शब्दांवर अवलंबून असतो. आवाज वाढवण्यापेक्षा माइक ओठांजवळ आणणे, वाक्य तोडून बोलणे आणि बोलण्यापूर्वी सभागृह शांत होईपर्यंत खरोखर थांबणे यांचा उपयोग अधिक होतो. शिट्टी वाजू लागली, आवाज चिरकू लागला किंवा बँडच्या वाद्यांखाली तुमचा आवाज बुडाला, तर मिक्सरची बटणे स्वतः फिरवू नयेत. ते काम ध्वनियंत्रणा पाहणाऱ्याचे आहे, त्यालाच बोलवावे आणि तो येईपर्यंत नाच सुरू करू नये.

कोण कुठे उभे आहे

दुसरी तपासणीही फुकटच आहे. प्रत्येक चौकडीत दोन लार्क आणि दोन रॉबिन आहेत ना, आणि प्रत्येक जोडीत रॉबिन लार्कच्या उजव्या हाताला आहे ना, एवढेच नजर फिरवून पाहायचे. स्विंग सोडताना जोडी उलटी सुटली की पुढची वीण सुरू होण्याआधीच बिघडलेली असते. बघणाऱ्याला मात्र गोंधळ विणीत दिसतो. या दुरुस्तीचे सूत्रच असे की, बिघाड दिसतो त्याच्या एक पायरी आधी तो झालेला असतो. म्हणून वॉक-थ्रूमध्ये वीण शिकवण्यापूर्वी स्विंगच्या शेवटी सगळ्यांना थांबवावे, आणि ‘रॉबिन उजवीकडे, दोघांचे तोंड समोरच्या जोडीकडे’ एवढे वाक्य बोलून सगळे तसे उभे राहीपर्यंत पुढचा शब्द काढू नये.

टोकाच्या जोडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. इंप्रॉपर या नेहमीच्या रचनेत रांगेच्या टोकाला पोहोचलेली जोडी एक फेरी बाहेर थांबते आणि परत आत येण्यापूर्वी दोघांनी आपसांत जागा बदलायच्या असतात. नवखे लोक दम खात गप्पा मारत उभे राहतात, जागा बदलत नाहीत, आणि आत येताना लार्क व रॉबिन एकमेकांच्या जागी आलेले असतात. असे दोन-तीनदा झाले की गोंधळ टोकापासून आत सरकू लागतो आणि सगळ्या रांगेलाच वीण येत नाही, असा भास होतो. नाच सुरू असताना फेरीच्या शेवटी कॉल नसलेल्या ठोक्यांत ‘टोकाच्या जोड्यांनी जागा बदला’ अशी आठवण दिली की पुष्कळ वेळा एवढ्याने काम भागते.

रांगा एकमेकींच्या फार जवळ आल्या आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. चौघांना एकमेकांभोवती वळायला जागा लागते. खालच्या टोकाला जागा रिकामी असूनही सगळे बँडजवळ दाटून उभे असतात, त्यांना सरळ खाली सरकायला सांगावे.

शब्द

इथून पुढच्या तपासण्यांना थोडी मेहनत पडते. पहिली मेहनत स्वतःचे बोलणे ऐकण्याची. फोन खिशात ठेवून संध्याकाळभराचे रेकॉर्डिंग करावे आणि दुसऱ्या दिवशी फक्त वॉक-थ्रू ऐकावे. ‘आता ही आकृती अवघड वाटेल, पण घाबरू नका, अगदी सोपी आहे’ यासारखी वाक्ये किती निघतात ते कळते. अवघड म्हटल्याने नवखा घाबरतो आणि सोपी म्हटल्याने चुकल्यावर ओशाळतो. दोन्हींतून पायांना काहीच कळत नाही. आकृतीचा इतिहास, विनोद आणि ‘म्हणजे असं बघा’ हे सारे काढून टाकल्यावर जे उरते तेवढेच बोलायचे असते.

उरलेल्या शब्दांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोणी, मग कोणाबरोबर, मग कोणता खांदा, आणि शेवटी कुठपर्यंत. ‘उजव्या खांद्याने मध्यभागी ओलांडा, रॉबिननी’ असे म्हटले की ‘रॉबिननी’ हा शब्द येईपर्यंत लार्कही निघालेले असतात. आणि ‘कुठपर्यंत’ हा भाग तर बहुतेक जण सांगतच नाहीत. वीण सुरू करण्यापूर्वी ‘आता तुम्ही जिथे उभे आहात ती जागा पाहून ठेवा, शेवटी तिथेच परत यायचे आहे’ एवढे सांगितले, तर पलीकडे जाऊन थांबणाऱ्या रॉबिनचा प्रश्न बराचसा मिटतो, कारण ज्याला शेवट माहीत आहे तो मधले एखादे वळण चुकला तरी घरी पोहोचतो.

विणीचा खरा बिघाड : बाहेरचे वळण

आता मुख्य तपासणी, आणि तिच्यावर थोडा वेळ घालवायला हवा. पूर्ण वीण 16 ठोक्यांची असते आणि तिचे दोन-दोन ठोक्यांचे आठ टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात रॉबिन मध्यभागी एकमेकींना उजव्या खांद्याने ओलांडतात. दुसऱ्यात त्या पलीकडच्या कडेला पोहोचतात आणि समोरून आत येणाऱ्या लार्कला डाव्या खांद्याने ओलांडतात. तिसऱ्यात लार्क मध्यभागी एकमेकांना उजव्या खांद्याने ओलांडतात, आणि नेमके त्याच दोन ठोक्यांत रॉबिन कडेबाहेर वळून परत आत तोंड करतात. चौथ्यात पुन्हा कडेला डावा खांदा. इथे अर्धी वीण होते आणि सगळे पलीकडच्या बाजूला असतात. पुढचे चार टप्पे तसेच झाले की सगळे घरी येतात. काँट्राची चाल साधारण मिनिटाला 110 ते 120 ठोक्यांची असल्यामुळे प्रत्येक टप्प्याला सुमारे एक सेकंद मिळतो. विचार करायला हा वेळ पुरत नाही. वॉक-थ्रूमध्ये पायांना जे कळले असेल तेवढेच संगीतात टिकते.

मध्यभागी उजवा खांदा चुकणारे फार थोडे असतात, कारण तो आपण सांगितलेला असतो आणि समोर माणूस दिसत असतो. चूक होते ती तिसऱ्या टप्प्यातल्या बाहेरच्या वळणावर, जिथे समोर कोणीच नसते आणि ज्याबद्दल कॉल देणारा सहसा एक शब्दही बोलत नाही. एखादी नवखी रॉबिन लार्कला डाव्या खांद्याने नीट ओलांडून कडेबाहेर जाते, क्षणभर थांबते, मध्यभागाकडे मान वळवते आणि टाचेवर गर्रकन उजवीकडे फिरते, कारण ते वळण तिला जवळचे वाटते. आता ती मार्गाच्या चुकीच्या बाजूला उभी आहे. मध्यभागातून बाहेर येणारा लार्क आणि ती समोरासमोर येतात, दोघेही एकाच बाजूला सरकतात, मग दुसऱ्या बाजूला, हसतात, आणि तेवढ्यात दुसरी रॉबिन मध्यभागी एकटीच खांदा पुढे करून उभी राहते. आपल्याला वाटते की यांना कडेचा डावा खांदा कळला नाही, आणि आपण माइकवरून ‘लेफ्ट शोल्डर, लेफ्ट शोल्डर’ ओरडत राहतो. प्रत्यक्षात तो त्यांना कळलेला असतो; वळणाची दिशा सांगायची राहिलेली असते.

उपाय असा. उजव्या खांद्याने सुरू होणाऱ्या विणीत बाहेरची सर्व वळणे डावीकडे असतात आणि ती टाचेवरची गिरकी नसून दोन ठोके भरून चालायचे छोटे अर्धवर्तुळ असते. हे शब्दांत एकदाच सांगावे आणि पायांनी करून घ्यावे. आधी फक्त रॉबिनना चालवावे : मध्ये उजवा खांदा, कडेला डावा खांदा, बाहेर डावीकडे वळण, आणि थांबा. सगळ्या रॉबिन पलीकडच्या कडेला आत तोंड करून उभ्या आहेत हे दिसले की मग लार्कना तेच करू द्यावे. लार्कसाठी एक वाक्य आधी खर्च करावे : रॉबिन निघताच लार्कने स्वस्थ उभे न राहता उजवीकडे, तिच्या रिकाम्या जागेत सरकायचे आहे, म्हणजे तो आपोआप योग्य बाजूने आत शिरतो. लार्क जागचा हलला नाही तर येणाऱ्या रॉबिनची वाट अडते आणि वीण दुसऱ्याच टप्प्यात तुंबते.

ही अर्धी वीण सुटी सुटी जमल्यावर तीच पुन्हा न थांबता चालवावी आणि मग पूर्ण. त्या वेळी ‘मध्ये उजवा, कडेला डावा’ एवढीच ओळ ठेक्यात म्हणत राहावी. लार्कनी डाव्या खांद्याने सुरू करायची वीण असेल, तर सगळे खांदे आणि वळणाची दिशा उलटी होते; एकाच संध्याकाळी दोन्ही प्रकार ठेवू नयेत, निदान नवखे बरेच असताना तरी.

काही गटांतले जुने नाचणारे खांद्याऐवजी हात धरून ओढतात, मध्येच गिरक्या घेतात, जोडीदाराला फसवून दुसऱ्याच वाटेने जातात. त्यांचा उत्साह मला समजतो, पण वॉक-थ्रूमध्ये हे करणाऱ्यांना मी माइकवरून थांबवते, कारण शेजारचा नवखा माझे शब्द सोडून त्यांच्याकडे बघून शिकत असतो. संगीत सुरू झाल्यावर त्यांनी काय करावे ते त्यांचे त्यांनी पाहावे.

कॉलची वेळ

वॉक-थ्रू निर्दोष होऊनही संगीतात वीण उशिरा सुटत असेल, तर कॉल उशिरा जातो आहे. एका फेरीत 64 ठोके असतात आणि ती 32 ते 35 सेकंदांत संपते. विणीचा कॉल आधीच्या आकृतीच्या शेवटच्या चार ठोक्यांत द्यायचा असतो, इतका की त्याचा शेवटचा शब्द संपताच संगीताच्या पुढच्या वाक्याचा पहिला ठोका पडावा. ‘रॉबिन्स, राइट शोल्डर, हे’ एवढेच चार ठोक्यांत बसते. लांब कॉल देण्याची सवय असेल तर तो घरी बँडच्या रेकॉर्डिंगवर बोलून बसवावा. संध्याकाळी ते जमणार नाही.

पहिल्या फेऱ्यांत विणीच्या आतले खांदेही सांगावेत, मग हळूहळू शब्द कमी करावेत. मात्र आपण गप्प झाल्याच्या पुढच्याच फेरीत वीण मोडली, तर पुन्हा पूर्ण कॉल सुरू करण्यात कमीपणा नाही. मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफिल्डच्या गाइडिंग स्टार ग्रेंजसारख्या ठिकाणी, जिथे नियमित नाचणारे पुष्कळ असतात, तिथे कॉल देणारा लवकर गप्प बसला तरी खपून जाते, कारण नवख्याला तिघे जण सांभाळून नेतात. चौघांपैकी तिघे नवखे असलेल्या सभागृहात तीच सवय अंगाशी येते.

प्रात्यक्षिक

शब्दांनी दोनदा न जमल्यास एक चौकडी मधोमध घेऊन बाकीच्यांना भोवती उभे करावे. ही तपासणी महागडी आहे, कारण तिला वेळ लागतो, रांगा मोडतात आणि बँड ताटकळतो. म्हणून विणीसाठी ती सहसा लागू नये. काँट्रा कॉर्नर्ससाठी मात्र मी ती पहिल्यांदाच करते. त्या आकृतीत सक्रिय जोडी एकमेकांना उजवा हात देते, मग पहिल्या कोपऱ्याला डावा, पुन्हा एकमेकांना उजवा, मग दुसऱ्या कोपऱ्याला डावा. चालणारे दोघेच असले तरी प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतली माणसे ओळखावी लागतात आणि ते शब्दांत मावत नाही. सक्रिय नर्तकांना समोरच्या रांगेतल्या उजवीकडच्या माणसाकडे बोट दाखवायला लावावे, तो पहिला कोपरा. मग डावीकडच्याकडे, तो दुसरा. आणि कोपऱ्यांवरच्या सगळ्यांना डावा हात वर धरायला सांगावे. हात वर असेपर्यंत चूक होत नाही.

पेट्रोनेला वळणाला प्रात्यक्षिक लागत नाही. चौघांचे कडे धरून चार ठोके बॅलन्स (आत-बाहेर पाऊल), आणि चार ठोक्यांत उजव्या अंगाने फिरत उजवीकडच्या माणसाच्या जागी जायचे. ‘आपल्या उजवीकडे कोण आहे ते बघा, त्याची जागा घ्यायची’ हे एक वाक्य पुरते. वळणानंतरच्या टाळ्यांची ओळख नंतर करून द्यावी, नाहीतर लोक टाळीच्या नादात एक जागा जास्त पुढे जातात.

नाचाची निवड

एवढे करूनही मोडत असेल, तर दोष कार्डावर आकृत्या लिहून आणलेल्या त्या नाचातच असू शकतो. विणीच्या आधी काय आहे ते पाहावे. रॉबिन चेननंतरच्या कर्टसी टर्नमध्ये, म्हणजे जोडीने शेजारी राहून घेतलेल्या वळणात, रॉबिन पुढे चालत असते आणि लार्क मागे पावले टाकत असतो. त्यामुळे लगेच रॉबिननी वीण सुरू करणे अंगाला सहज जाते, पण तिथेच लार्कना सुरू करायला लावले तर मागे जाणाऱ्या माणसाला अचानक पुढे ढकलल्यासारखे होते. असा नाच कितीही चांगला शिकवला तरी अडखळतो. शिवाय पूर्ण विणीचा नाच रात्रीचा पहिला कधीच नसावा. अर्ध्या विणीचा एखादा आधी होऊन जाऊ द्यावा. कार्डांचा क्रम बदलणे कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात किंवा एखाद्याच्या लग्नात, जिथे सगळेच पहिल्यांदा नाचत आहेत, तिथे वीण ठेवूच नये. वर्तुळ, स्टार, दोसिदो, लांब रांगांनी पुढे-मागे येणे आणि स्विंग एवढ्यावर तासभर उत्तम जातो.

कधी थांबावे

दुसऱ्या वॉक-थ्रूनंतरही निम्म्या चौकड्या घरी पोहोचत नसतील, तर तिसरा करू नये. ‘हा आज राहू दे’ असे म्हणून वीण नसलेला राखीव नाच काढावा. तो प्रत्येक संध्याकाळी हाताशी असलाच पाहिजे. संगीत सुरू असताना रांग कोसळली, तर समजावत बसू नये. ‘जोडीदार शोधा, स्विंग करा’ एवढेच ओरडावे, फेरी संपू द्यावी आणि पुढच्या फेरीच्या पहिल्या आकृतीपासून पुन्हा पूर्ण कॉल द्यावेत. दोन फेऱ्यांत सावरले नाही, तर बँडला थांबण्याची खूण करावी. कोणी पडले, पाय मुरगळला किंवा कोणाला घेरी आली, तर ताबडतोब संगीत थांबवून आयोजकांना बोलवावे आणि गरज दिसल्यास 911 ला फोन करावा. तिथे कॉल देणाऱ्याने डॉक्टर होऊ नये.

आणि वेगवेगळ्या सभागृहांत, वेगवेगळ्या लोकांबरोबर, हीच वीण महिनोन्‌महिने मोडत राहिली, तर एकट्याने कारण शोधणे सोडून द्यावे. आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या, जाणत्या कॉल देणाऱ्याला मानधन देऊन एका संध्याकाळी सभागृहात बसवावे, शक्यतो खालच्या टोकाला, आणि त्याला फक्त वॉक-थ्रू व विणीच्या आधीचे आठ ठोके लिहून ठेवायला सांगावे. 1915 साली सुरू झालेली कंट्री डान्स अँड साँग सोसायटी किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये जानेवारीत भरणारा, जुने नामवंत कॉल देणारे राल्फ पेज यांच्या नावाचा नृत्यमेळावा अशा ठिकाणी असे अनुभवी लोक भेटतात. जाताना नाचाचे कार्ड आणि फोनमधले रेकॉर्डिंग दोन्ही बरोबर न्यावीत. रेकॉर्डिंगशिवाय विचारलेल्या प्रश्नाला तेही अंदाजानेच उत्तर देतील.